मोटारीची शाकारणी

आश्विन शुद्ध षष्ठी, १९९८

ही वही अनिलने गेल्या दिवाळीत आणून दिली. ‘बाबा, रिटायर माणसं डायरी लिहितात,’ म्हणाला. वर्षभर तिच्यात हौसाने गोधडीच्या सुया टोचून ठेवल्या होत्या. आज त्या काढून बाजूला ठेवल्या, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं. आमच्या अंगणात मोटार आली.

ठाण्याच्या एका वकीलसाहेबांची किन्हवली रस्त्याला वाडी होती. त्यांच्या मुलांना मी ओळीने तीन मे महिने मराठी कविता शिकवल्या. आता मुलं परदेशी गेली, वाडीही विकली. ही मोटार तिथल्या गोठ्यात पेंढ्याखाली उभी होती. ‘गुरुजी, भंगारात घालायला जीव होत नाही. तुम्ही न्या,’ म्हणाले. शहापूरच्या मिस्त्रीने चार दिवस खटपट करून इंजिन चालू केलं. ते भुजंगप्रयातात चालतं: लगागा लगागा लगागा लगागा. मिस्त्री म्हणाला, एक प्लग मिस मारतोय. मारू दे. वृत्त बिघडवू नको, असं मी त्याला बजावलं.

रंग मोरपंखी, दारं दोन, आणि छप्पर कापडाचं. हवं तेव्हा वर ओढायचं, नको तेव्हा मागे घडी करून ठेवायचं. मात्र कापड उंदरांनी खाल्लेलं, मागे लोंबतं. डोक्यावर नुसत्या तीन लोखंडी कमानी.

मी चौथीत असताना दिपोटीसाहेब अशाच उघड्या मोटारीतून शाळा तपासायला आले होते. सगळ्या वर्गात मी एकटाच न अडखळता कविता म्हणालो, म्हणून त्यांनी मला वेशीपर्यंत मोटारीत बसवून नेलं. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की कविता आणि मोटार ही एकाच बापाची लेकरं.

हौसाने एक चक्कर मारली. छप्पर असायला हवं तिथे हवेत हात फिरवून पाहिला.

“वर काय नाय?”

“घालू की. मी स्वतः घालणार.”

“नसू दे. मोकळं बरं हाय.”

बिचारी! बेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही काही मागितलं नाही हिने. मी मनाशी निश्चय केला की छप्पर घालायचंच. दुपारी दोन ओळी सुचल्या:

असे माळरानी उभी एक गाडी
जिला छत्र नाही न छाया न झाडी

आश्विन शुद्ध अष्टमी

टोकावड्याहून निरोप आला. हौसाचा थोरला भाऊ देवजी रानडुकरांपासून शेत राखायच्या माळ्यावरून पडला. मांडीपर्यंत प्लास्टर. जिवाला धोका नाही, पण दीड महिना अंथरूण सोडायचं नाही. म्हणजे ह्या भाऊबीजेला तो येणार नाही.

हौसाने एकच कळशी तीनदा घासली.

तिची गोष्ट लिहून ठेवतो. तिला गाडी लागते. साधीसुधी नव्हे. एसटी फाट्यावर नुसती घरघरत उभी राहिली तरी ही तोंडाला पदर लावते. बैलगाडी होती तोवर दर वर्षी माहेरी जायची. बैल गेले तेव्हा एकदा एसटीने निघाली आणि दुसऱ्याच थांब्याला उतरून उन्हातून चालत परत आली. काळ्यापिवळ्या जीपचं तर नावच नको. अनिलच्या स्कूटरवर बसली ती शेणकईच्या ढिगात पडली, आणि तिने दोन चाकांना कायमचा नमस्कार केला. अकरा वर्षं झाली. अकरा भाऊबिजांना देवजीच इकडे आला. यंदा तो येऊ शकत नाही आणि ही जाऊ शकत नाही.

संध्याकाळी हात पुसत अंगणात आली. मोटारीकडे पाहत उभी राहिली.

“अवो, ही टोकावड्याला जाईल?”

“टोकावडं? ही हिमालयात जाईल.”

“मग भाऊबीजेला न्याल?”

“नेणार म्हणजे नेणार!”

“छपराचं राहू द्या मग. अशीच नेवा मला.”

बायकोला बोडक्या मोटारीतून माहेरी न्यायचं? मी काय भाताची पोती नेतो आहे? मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. तीही गप्प बसली. म्हणजे पटलं असावं.

दसरा

मोटारीला झेंडूचं तोरण घातलं. हौसाने चाकांनासुद्धा हळदकुंकू लावलं.

काल दिवसभर मी तिच्या दुखण्याचा शास्त्रीय विचार केला. हिला घरात कधी मळमळतं का? नाही. बैलगाडीत? नाही, पण तिच्यावर तट्ट्याचं छप्पर असायचं. एसटीत? लगेच. का? कारण एसटीचं छप्पर पत्र्याचं, परकं, डोक्यापासून हातभर लांब. तिथे माणसाला निराधार वाटतं, आणि मन ढवळलं की पोट ढवळतं. तेव्हा मोटारीचं छप्पर असं करायचं की आत बसल्यावर घरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. घर हललं तरी घरच.

अनिल कल्याणहून आला होता, त्याला हे समजावलं. तो शिरा खात होता. चमचा तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, आईला वास सहन होत नाय. डिझेलचा, रेक्झिनचा. वारा लागला की बरं वाटतं. ओपन गाडी आहे, बसवा नि जा. सिंपल.”

“आणि मन?”

“मनाचं काय?”

अनिल हिशेबाच्या खात्यात आहे. त्याला पोट दिसतं, मन दिसत नाही. हौसा त्याला आणखी एक वाटी शिरा वाढत होती. आज तिने त्याला जरा जास्तच वाढला.

आश्विन शुद्ध द्वादशी

काम सुरू केलं. जुनं कापड सोडवण्यात सकाळ गेली. मागच्या पट्टीत ते बारीक खिळ्यांनी ठोकलेलं होतं. सत्तावीस खिळे काढले, अठ्ठाविसावा अंगठ्याने काढला. हौसाने हळद दाबली.

शहापूरहून तंबूचं जाड खाकी कापड आणलं आहे. ते अंगणात पसरलं, वर जुनं कापड ठेवलं आणि खडूने बरोबर कडेकडेने रेघ मारली. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की अनुलेखन मुळाबरहुकूम हवं. रेघ संपवून कात्री हातात घेतली, तेवढ्यात हौसा धान्य पाखडता पाखडता म्हणाली,

“उंदरानं खाल्लंय तेवढं पण कापनार काय?”

पाहतो तर तीन भोकं आणि एक नागमोडी कड मी इमानेइतबारे उतरवून काढलेली. मी म्हटलं, “हा कच्चा आराखडा होता.” तिने सूप आणखी जोरात आपटलं.

कोजागिरी

दाभण आणि सुतळी घेऊन तीन दिवस शिवतो आहे. दाभण कापडात शिरतं, पण परत यायचं नाव घेत नाही. पाचही बोटांना चिंध्या बांधल्या आहेत. शिवून झालेला भाग कमानींवर टाकून पाहिला. पुढे लोंबतो, मागे पुरत नाही. मध्ये पोट सुटलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखा.

हौसा आटवलेल्या दुधाचा पेला घेऊन आली आणि मोटारीशेजारी उभी राहिली. मी विचारलं, “कसं काय दिसतं?”

“आभाळ दिसत व्हतं ते बरं व्हतं,” म्हणाली.

काय सुंदर बोलली! मी तिला सांगितलं की हे वाक्य कवितेत शोभेल. ती पेला ठेवून गेली. बायकांच्या बोलण्यात सहज काव्य असतं, आणि त्यांना त्याची जाणीवच नसते.

मात्र एकट्याच्याने हे होणार नाही, हे आज कळलं. नवसूला निरोप धाडला आहे.

आश्विन वद्य तृतीया

नवसू आज आला. डोळखांबकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा. आमच्या घरावर कौलं येईपर्यंत दर वर्षी पावसाआधी त्यानेच शाकारलं. शाळेत तो दोनच दिवस आला होता, आणि दोन्ही दिवस वर पाहत बसला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘शाळेचं आढं वाकडं हाय, मी नाय बसत.’ त्याच श्रावणात आढं खाली आलं. तेव्हापासून छपराच्या बाबतीत मी नवसूचा शब्द खाली पडू देत नाही.

त्याने मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. कमानी हलवून पाहिल्या.

“गुरुजी, ह्याला उतार कुठाय?”

“मोटारीला उतार नसतो, नवसू.”

“मंग पानी काय इचारून खाली उतरतंय?”

तो पुढे म्हणाला, “आढं नाय, वासे नाय, वळचण नाय. ह्याला छप्पर नाय म्हनत. ह्याला पदर म्हनतात.”

“पण नवसू, हे मागे घडी घालायचं असतं. हवं तेव्हा उघडता आलं पाहिजे.”

नवसूने विडी कानावर ठेवली.

“उघडायचं तर घालायचं कशाला? आनि घालायचं तर उघडायचं कशाला?”

हे मी रात्री झोपेपर्यंत घोळवणार आहे. तत्त्वज्ञान आहे हे. आणि हौसाला घरात बसल्यासारखं वाटायला हवं असेल, तर घराचंच छप्पर हवं. घरावरचं छप्पर कोणी घडी घालतं का? माझाच विचार त्याने पुढे नेला.

हौसा दारातून ऐकत होती. “नवसूदादा, तुमी तरी सांगा ह्यांना, बिनछपराचं चालंल म्हनून.”

“वहिनी, बिनछपराचं ढोरांना पन चालत नाय,” नवसू म्हणाला.

दोन विरुद्ध एक.

आश्विन वद्य सप्तमी

मोटार ओळखू येत नाही. नवसूने तीन कमानींवर मधोमध बांबू टाकला, ते आढं. त्याच्यावरून दोन्ही बाजूंना बांबूच्या कांब्या, ते वासे. सगळं काथ्याने आवळून बांधलं. त्याची गाठ अशी की ओढाल तितकी घट्ट बसते. माझं खाकी कापड वर ताणून बसवलं, आणि काय सांगू, नेमकं बसलं. जे पोट मला पोट वाटत होतं ते उताराला लागलं. दारांवर वीतभर वळचण आली आहे. शेजारच्या धाऊच्या तीन कोंबड्या लगेच तिच्याखाली येऊन बसल्या. घरपणाचा ह्याहून मोठा दाखला कोणता?

धाऊ कुंपणावरून ओरडला, “गुरुजी, चूल कुठं मांडनार?”

मी लक्ष दिलं नाही.

आतून अस्तराला हौसाचं जुनं हिरवं लुगडं लावलं. तिच्या लुगड्याखाली ती बसेल, म्हणजे आईच्या पदराखाली बसल्यासारखं. लुगडं मागितलं तेव्हा म्हणाली, “घेवा. आता काय उरलंय?” ह्याचा अर्थ, सर्वस्व दिलं, असा मी घेतला.

आश्विन वद्य नवमी

पाणी झिरपू नये म्हणून रॉकेलमध्ये मेणबत्त्या वितळवून त्याचा हात दिला. ही युक्ती मला पूर्वी शाळेच्या सहलीत तंबूवाल्याने शिकवली होती. नऊ मेणबत्त्या, दीड लिटर रॉकेल. कापड ताठ झालं, टिचकी मारली की डफासारखं वाजतं. अंगणभर वास आहे. धाऊच्या कोंबड्या वळचण सोडून गेल्या.

हौसा नाकाला पदर लावून मागच्या दाराने ये-जा करते आहे. म्हटलं, दोन दिवसांत उडेल.

वसुबारस

छपराला आज नारळ फोडला. नवसूने आढ्याला आंब्याच्या डहाळीचा टाळा बांधला, कुंकू लावलं, नवीन घराला करतात तसंच सगळं. हौसाने त्याला गोडाचं जेवण वाढलं. निघताना तो मोटारीला हात लावून म्हणाला,

“एक ध्यानात ठेवा, गुरुजी. नारळ फुटला. आता हे छप्पर एक पाऊस खाल्ल्याबिगर उतरवायचं नाय. आमच्यात चालत नाय ते. माझ्या बापानं नाय उतरवलं, मी नाय उतरवलं. पावसाच्या आधी छप्पर उतरवलं तर घरधनीन घरात टिकत नाय.”

मी हसून म्हटलं, “उतरवायचं कोणाला आहे?”

हौसा हसली नाही. ती टाळ्याकडे पाहत होती.

धनत्रयोदशी

लिहायला हात उचलत नाही.

आज रंगीत तालीम होती. मोटार धुतली. हौसाला म्हटलं, चल, फाट्यापर्यंत एक फेरी मारून येऊ. तिने नवीन लुगडं नेसलं. वाकून वळचणीखालून आत गेली, कारण आता वाकूनच जावं लागतं. बसली. मी दार लावलं. फिरून माझ्या बाजूला आलो, बसलो, किल्ली लावली आणि म्हटलं, “कसं वाटतं? घरासारखं?”

तिने दार उघडलं आणि बाहेर ओणवी झाली.

मी अजून इंजिन चालू केलं नव्हतं. मोटार हललीसुद्धा नव्हती! बेचाळीस वर्षांत बंद गाडीत मळमळायला लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तोंड धुऊन ती ओट्यावर बसली. म्हटलं, “रॉकेलचा वास असेल.”

“रॉकेल हाय. मेन हाय. लुगड्याला डांबरगोळीचा वास हाय. आनि वर-खाली बंद. डबा हाय डबा.”

“मग मी काय करू?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मुलाला पाढा दहाव्यांदा सांगताना मी जसा पाहायचो, तशी.

“काय नको. तुमी लई केलंत,” म्हणाली आणि आत गेली.

आत जाऊन पाहिलं. देवजीसाठी बांधलेलं गाठोडं, म्हणजे करंज्यांचा डबा, निरांजन, कुंकवाची कोयरी, नवा टॉवेल, ते तिने सोडून एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली होती.

मनी योजिले ते न झाले कदापि. ह्या ओळीला जोडीची ओळ सुचत नाही.

नरक चतुर्दशी

वास घालवण्यासाठी मोटारीत धूप घातला. आता रॉकेल, मेण, डांबरगोळी आणि धूप असा वास येतो. धाऊने कुंपणावरून विचारलं, “गुरुजी, सत्यनारायण हाय काय?”

अनिल सुट्टीवर आला आहे. त्याने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. “बाबा, काढा ते छप्पर. आजच्या आज.”

मलाही पटलं होतं. गाठी सोडायला बसलो. एक सोडायला गेलो की ती आणखी आवळते. अनिलने कोयता आणला. तेव्हा हौसा माजघरातून ओरडली,

“कोयता लावायचा नाय! नारळ फुटलाय.”

“आई, गाडी आहे ती. घर नाय.”

“टाळा बांधला, कुंकू लावलं, मंग घरच झालं ते. त्याला हत्यार लावनार व्हय दिवाळीत? आनि नवसूदादा काय म्हनाले ते ऐकलं नाय तू. मला काय घरात टिकायचं नाय?”

म्हणजे आता पाऊस हवा. भाऊबीज तीन दिवसांवर. आभाळ निळंभोर, कापलेली भातं खळ्यावर, आणि तालुक्यातला एकूण एक शेतकरी पाऊस नको म्हणून देवाला हात जोडून बसलेला. आपण एकट्यानेच तो मागायचा? सकाळी देवासमोर उभा राहिलो, पण तोंड उघडलं नाही.

पाडवा

हौसाने मला ओवाळलं. मी विचारलं, ओवाळणी काय देऊ? म्हणाली, “काय नको.”

आज ‘काय नको’ ह्या दोन शब्दांचा मला धसका बसला.

नवसूकडे अनिलला पाठवलं, म्हटलं, हात जोडून विनंती कर. नवसूने उलटा निरोप दिला: ‘सकाळी येतो. पन पाऊस कुठून आनू?’

भाऊबीज, टोकावडे

वही घरी राहिली. देवजीची नात रंजिता हिच्या गणिताच्या वहीचं पान मागून घेतलं आहे. नंतर डकवीन.

नवसू उजाडताच आला. मोटारीजवळ उकिडवा बसला. आम्ही तिघे पुरुष आभाळाकडे पाहत होतो. एक ढग नाही.

हौसा ओल्या केसांनी बाहेर आली. नवसूसमोर उभी राहिली.

“नवसूदादा, एक इचारू? छपरानं पाऊस खाल्ला, हे तुमी कशावरनं वळखता?”

नवसूने विचार केला. “पानी आढ्यावर पडलं पायजे. पाखावरनं उतरलं पायजे. वळचनीतनं धार भुईला लागली पायजे. आनि आत थेंब नाय गेला पायजे.”

“येवडंच?”

“येवडंच.”

“पानी कुनी टाकलं, ते बघायचं असतं काय?”

नवसूच्या कानावरची विडी खाली पडली. ती उचलून म्हणाला, “बापानं तसं काय सांगितलं नाय.”

हौसा आत गेली आणि भरलेली कळशी घेऊन आली. पायरीवर चढली आणि ती सबंध कळशी आढ्यावर ओतली. मग दुसरी. अनिल विहिरीवर धावला. तिसरी, चौथी. धाऊ कुंपणावरून म्हणाला, “काय चाललंय?” हौसा म्हणाली, “पाऊस. आना तुमची पन बादली.” तो खरोखरच घेऊन आला.

नऊ कळशा आणि दोन बादल्या. पाणी दोन्ही पाखांवरून सरळ उतरलं, वळचणीतून धारा लागल्या, अंगणात ओहोळ झाला. मी दार उघडून आत हात फिरवला. हिरवं लुगडं कोरडं ठणठणीत! एक टिपूस नाही. मी आणि नवसूने एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, “बोललो व्हतो,” आणि मी त्याची पाठ थोपटली. एवढं निर्दोष छप्पर ह्या तालुक्यात दुसरं नसेल.

मग नवसूने ते उतरवलं. ज्या गाठींशी मी एक दिवस झुंजलो त्या त्याने दोन बोटांनी चिमटीत धरून सोडल्या. कळ कुठे असते ते त्याने मला दाखवलं नाही. आढं, वासे, कापड, लुगडं, सगळं घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. लोखंडी कमानीही मागे दुमडल्या. मोटार पुन्हा बोडकी.

हौसाने गाठोडं मांडीवर घेतलं आणि येऊन बसली. ह्या वेळी वाकावं लागलं नाही.

पहिला फर्लांग मी तिच्या तोंडाकडे पाहत मोटार चालवली, मग ती म्हणाली, “रस्त्याकडं बघा.” किन्हवली गेली. तिने पदर खांद्यावर घट्ट खोचला आणि बोलायला लागली. ह्या वळणावर आमचा बैल बसला होता. इथली चिंच तोडली वाटतं. ह्या घरातल्या बाईने मला एकदा पाणी दिलं होतं, मेली की जिती आहे कोण जाणे. कडेला भात झोडणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या, आणि हौसा त्यांना हात करत होती. दिपोटीसाहेबसुद्धा असा हात करत नव्हते. मला प्रसंगाला साजेशी कविता म्हणायची होती, दोनदा घसाही खाकरला, पण मध्ये फटच मिळाली नाही.

सरळगावच्या फाट्याला एसटी उभी होती, घरघरत, धूर सोडत. मला धडकी भरली. हौसाने तिच्याकडे पाहिलं, नाक वर केलं, आणि आम्ही बाजूने निघून जाईपर्यंत पाहत राहिली.

पुढे म्हणाली, “मी म्हनत व्हते.”

“काय?”

“बिनछपराचं चालंल म्हनून.”

“कधी म्हणालीस?”

“आनली त्या दिवशी. देवजीदादाचा निरोप आला तवा. नवसूदादा आले तवा. कोजागिरीला पन.”

मला असं काही आठवत नाही. वही घरी आहे, पाहायला हवं.

टोकावड्याला देवजीचं घर रस्त्यापासून थोडं आत. भोंगा वाजवला तशी माणसं बाहेर आली. देवजी ओटीवर खाटेवर, प्लास्टरचा पाय उशीवर. आधी त्याला मोटार दिसली, मग मी, मग ती.

“हौसे? गाडीनं आलीस गो?”

“व्हय. माझ्या गाडीनं आले.”

माझ्या, म्हणाली.

ओवाळताना तिचं ताट कललं आणि देवजी तिला हसवायला म्हणत होता, “वात विझवशील, सरळ धर. अकरा वर्षं सवय मोडली तुझी.” ती म्हणाली, “पडलास कसा? डुकरानं ढकललं का तूच उडी मारलीस?” दोघेही एकदम हसले. करंज्यांचा डबा तिने त्याच्या उशाशी ठेवला. रस्त्यात त्यातल्या निम्म्या तुटल्या होत्या. तो तुटलेल्याच आधी खात होता.

जेवणानंतर त्याची नजर सारखी अंगणात. शेवटी म्हणाला, “गुरुजी, मी तीन आठवडे हे आढं बघतोय. मला जरा बाहेरचं दाखवा.”

त्याच्या दोघा मुलांनी त्याला खाटेसकट अंगणात आणलं आणि खाटेवरून मोटारीत उतरवलं. प्लास्टरचा पाय सरळ, दुमडत नाही. तो दारावरून वर काढून बाहेर ठेवला, तोफेसारखा. छप्पर असतं तर हे जमलं नसतं, एवढं मला कळलं. हौसा मागे बसली, भावाच्या शेजारी. घाटाच्या दिशेने निघालो.

ऊन उतरतीला लागलं होतं. समोर सह्याद्रीची भिंत. दोघे बहीणभाऊ मागे मोठमोठ्याने बोलत होते, वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू येत होतं. पुढे एक एसटी चालली होती, ती मागे टाकायची माझी हिंमत नव्हती म्हणून मी तिच्यामागून सावकाश चालवत होतो, आणि तिचा सगळा धूर आमच्या तोंडावर येत होता. मी आरशात पाहिलं. आता ही पदर लावणार. गाडी थांबवावी का? मागे वळावं का? काहीतरी आडोसा करायला हवा होता का?

मागून खांद्यावर हात पडला.

“अवो,” हौसा म्हणाली, “जोरात घ्या. तिला मागं टाका.”

आधी मी विचार करणार होतो की हिला नेमकं काय म्हणायचं असेल.

मग भोंगा दाबला आणि घेतली.